कयाकच्या पोटात पाणी साचतंय: गळती शोधायची कशी आणि थांबायचं कुठे

टेक्सासचा गॅल्व्हेस्टन उपसागर, लुइझियानाची पाणथळ, फ्लोरिडाचं मस्किटो लगून, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनातल्या भरती-ओहोटीच्या खाड्या. रेडफिश आणि ठिपकेदार ट्राउट मिळतात ते या भागांत, आणि दोन्ही मासे आपल्या घोळ-ढोमीच्याच कुळातले आहेत. दीड-दोन फूट पाण्यात, कालवांच्या थरांच्या कडेला आणि पाणगवताच्या आडोशाला ते चरतात. तिथे साधी मोटरबोट सहसा जात नाही, कयाक, म्हणजे एका-दोघांची अरुंद होडी, जाते. पण तीच कालवं कयाकचं बूड खरवडतात. त्यात मासेमारीची कयाक म्हणजे रॉड होल्डर (गळाची काठी खोचायची नळी), रेल, फिश फाइंडर (मासे शोधायचं यंत्र) यांच्यासाठी जास्तीची भोकं पाडलेली कयाक. म्हणून नदीत सहज फिरायच्या कयाकपेक्षा हिच्या पोटात पाणी जास्त वेळा साचतं.

इथे लिहिलेलं सगळं पॉलिथिलीनच्या, वर बसायच्या कयाकला लागू आहे. हवा भरायच्या किंवा फायबरग्लासच्या कयाकचं दुखणं वेगळं असतं.

लक्षणं

कयाक किनाऱ्यावर ओढताना सकाळपेक्षा जड लागते आणि कलती केली की आतून खळखळ ऐकू येते. पाण्यात असताना मागचं टोक नेहमीपेक्षा खाली बसलेलं दिसतं. वल्ह्याचा प्रत्येक फटका मारूनही वेग धरत नाही. उभं राहून गळ टाकताना ती एका बाजूला कलली की पटकन सावरत नाही, क्षणभर तिथेच रेंगाळते. हे शेवटचं लक्षण सगळ्यांत गंभीर, कारण आतलं पाणी कललेल्या बाजूला धावतं आणि कयाकला आणखी त्याच बाजूला ओढतं. आत दहा लिटर पाणी असेल तर दहा किलोचं ओझं नेमकं नको त्या वेळी नको त्या कडेला जातं.

पायाखालच्या खळग्यात पाणी दिसणं मात्र गळती नव्हे. स्कपरची, म्हणजे वरचं पाणी निचरायची, भोकं बुडापर्यंत आरपार असतात. वरचं पाणी त्यांतून खाली जातं आणि ओझं जास्त झालं की खालचं वर येतं. ते पाणी कयाकच्या पोटात जात नाही. फक्त एवढं बघा: सामान तेवढंच, माणूस तोच, आणि तरी खळग्यातलं पाणी दुपारनंतर चढत चाललंय का? तसं असेल तर कयाक खाली बसतेय, म्हणजे पोट भरतंय.

आधी मोजा

गळती शोधायच्या आधी पाणी मोजायचं. किनाऱ्यावर आल्यावर पुढचं टोक उचलून धरा, मागचा ड्रेन प्लग (पोटातलं पाणी काढायच्या भोकाचं बूच) काढा आणि पाणी बादलीत घ्या. जमिनीवर ओतून दिलंत तर हातचा पुरावा गेला.

अर्ध्या लिटरपर्यंत पाणी असेल तर काळजी नको. ओल्या हातांनी झाकण उघडणं, आतल्या दमट हवेचं थंड होऊन पाणी होणं, एवढ्यानेही ते साचतं. एक-दोन लिटर निघालं तर पुढच्या फेरीआधी खालच्या पहिल्या चार तपासण्या करून टाका. चार लिटरच्या वर निघालं तर कारण सापडेपर्यंत कयाक पाण्यात घालू नका.

पाणी खारं आहे की गोडं, तेही बघा. जिभेला लावायची गरज नाही. काळ्या प्लास्टिकवर दोन थेंब टाकून उन्हात वाळू द्या. पांढरं कडं उरलं तर ते खाडीचं पाणी. काहीच उरलं नाही तर ते पावसाचं, किंवा घरी नळीने कयाक धुताना आत गेलेलं.

मग आठवा की त्या दिवशी पाणी कसं होतं. लाटा असलेल्या दिवशीच पाणी साचत असेल आणि शांत दिवशी नाही, तर भोक पाण्याच्या रेषेच्या वर आहे: झाकणं, रॉड होल्डर, वरचे स्क्रू. शांत पाण्यातही साचत असेल तर भोक खाली आहे: ड्रेन प्लग, स्कपर, बूड, पेडलची खाच (पायाने चालवायच्या कयाकमधली). हलकं सामान असताना कोरडी आणि बर्फाची पेटी मागे ठेवली की ओली, असं असेल तर संशय मागच्या टोकावर, म्हणजे सुकाणूच्या केबलची भोकं आणि ड्रेन प्लगवर. ही विभागणी नीट झाली तर निम्मी शोधाशोध वाचते.

तपासणी १: ड्रेन प्लग (खर्च जवळजवळ शून्य)

सुरुवात इथूनच करायची, कारण बहुतेक वेळा दोष इथेच सापडतो. प्लग काढा आणि त्याची रबरी चकती किंवा ओ-रिंग बोटांनी चाचपा. दाबून वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या, ती चपटी झाली असेल किंवा वाळून कडक झाली असेल तर बदला. दोन-तीन डॉलरचं काम आहे. आटे आणि बसायची जागा जुन्या टूथब्रशने साफ करा. वाळूचा एक कण ओ-रिंगखाली राहिला तरी पाण्याला वाट मिळते. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवून प्लग हाताने बसवा. पक्कड लावून आवळू नका, त्याने प्लास्टिकचे आटे जातात.

प्लग ज्या गोल पट्टीत बसतो ती पट्टीसुद्धा दोन-तीन स्क्रूंनी किंवा रिव्हेटांनी हलला, म्हणजे कयाकच्या अंगाला, जोडलेली असते. ती बोटाने हलवून पाहा. प्लग नवा आणि पट्टी सैल, हा प्रकार बऱ्याचदा नजरेतून सुटतो.

आणखी एक कारण आहे, जे प्लग आणि झाकणं अगदी ठीक असतानाही पाणी आत घेतं. गाडीच्या टपावर उन्हात कयाक तापते, आतली हवा पन्नास अंशांपर्यंत जाते. मग सगळं बंद करून तुम्ही ती बावीस अंशांच्या पाण्यात सोडता. हवा आकसते. पोटात तीनशे लिटर हवा असेल तर सुमारे पंचवीस लिटरची ओढ तयार होते, आणि प्लग नेमका पाण्याच्या रेषेला असल्यामुळे जरासं सैल ओ-रिंगसुद्धा पाणी शोषून घेतं. उपाय फुकट आहे. प्रवासात प्लग काढून ठेवा. किनाऱ्यावर कयाकवर दोन बादल्या पाणी ओता, पाच मिनिटं थांबा, मग प्लग लावा. लावायला विसरण्याची भीती असेल तर प्लग गाडीच्या किल्लीला बांधून ठेवा.

तपासणी २: झाकणं

पुढचं मोठं हॅच (सामान ठेवायच्या तोंडाचं झाकण) पूर्ण जलरोधक असावं अशी अपेक्षाच ठेवू नका. बहुतेक कयाकमध्ये ते फोमच्या पट्टीवर टेकतं आणि रबरी दोरीने किंवा पट्ट्याने दाबलेलं असतं. शिंतोडे अडवणं एवढंच त्याचं काम. पण लाटेत पुढचं टोक बुडतं तेव्हा फट असेल तर पाण्याचा लोंढाच आत जातो.

वर्तमानपत्राची दोन इंच रुंद पट्टी झाकणाच्या कडेखाली ठेवा, झाकण नेहमीसारखं बंद करा आणि पट्टी ओढा. अडली पाहिजे. सहज निसटली तर तिथे दाब नाही. सगळ्या कडेने दर चार इंचांवर हे करा आणि सैल जागेवर खडूने खूण करा. सलग एका बाजूला सैल लागली तर झाकण वाकलंय. मग ते सपाट फरशीवर ठेवून, वर वजन देऊन दुपारभर उन्हात ठेवा. इथेतिथे सैल लागली तर फोम दबलाय. जुनी पट्टी गोंदासकट खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि बंद पेशींच्या ईपीडीएम फोमची चिकट पट्टी लावा. साधा स्पंजासारखा फोम घेऊ नका, तो पाणी पितो. पट्टीची दोन टोकं जिथे भेटतात तो सांधा मागच्या बाजूला ठेवा, कारण लाट पुढून येते.

गोल फिरवून बंद होणाऱ्या छोट्या झाकणांत दोष साधा असतो: वाळू, वाळलेली ओ-रिंग, किंवा तिरपे बसलेले आटे. साफ करा, सिलिकॉन ग्रीस लावा. गोल चौकट हलला ज्या स्क्रूंनी बसवलेली असते ते विसरू नका.

खात्री करायची तर आत प्रत्येक झाकणाखाली कोरडा कागदी रुमाल चिकटपट्टीने लावा, झाकण बंद करा आणि नळीने पाच मिनिटं वरून पाणी मारा. कुठला रुमाल भिजला ते बघा. दबावाच्या फवाऱ्याने हे करू नका, चांगलं झाकणही त्यापुढे टिकत नाही आणि तुम्ही उगाच त्याच्या मागे लागाल.

तपासणी ३: रॉड होल्डर आणि स्क्रू

डेकमध्ये, म्हणजे कयाकच्या वरच्या भागात, बसवलेल्या रॉड होल्डरची नळी काही कयाकमध्ये तळाला बंद असते, काहींत उघडी. उघडी असेल आणि तिला रबरी टोपी नसेल तर वर पडलेला प्रत्येक शिंतोडा पोटात जातो. बंद असेल तर ती काठोकाठ पाण्याने भरा आणि दहा मिनिटं थांबा. पातळी उतरली तर तळाला किंवा सांध्याला तडा आहे. मोठ्या रेडफिशने हिसका दिला की सगळा भार या नळीच्या मुळाशी येतो, म्हणून तडा बहुधा वाकणाच्या आतल्या बाजूला असतो आणि वरून दिसत नाही. अशी नळी दुरुस्त करत बसू नका, बदला.

मग स्क्रू. हँडल, खुर्चीच्या पट्ट्या, सामान अडकवायचे रेल, दोरीच्या कड्या, सगळं हाताने हलवून पाहा. गाडीच्या टपावरच्या थरथरीने हे सैल होतात. स्क्रू घट्ट होत नसेल, नुसता फिरत राहत असेल, तर प्लास्टिकमधले आटे गेले आहेत. त्यात आणखी जाड स्क्रू घुसवणं हा तात्पुरता उपाय आहे. त्यापेक्षा वेल-नट बसवा: रबरी नळी आणि तिच्यात पितळी नट, स्क्रू आवळला की रबर फुगून भोक दोन्ही बाजूंनी धरतं. १०-३२ मापाच्या वेल-नटला ३/८ इंचाचं भोक लागतं. ड्रिल हळू चालवा आणि टोकापासून अर्ध्या इंचावर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे ते खोल जाऊन आतली दुसरी भिंत छेदणार नाही. स्क्रू ३१६ स्टेनलेसचेच घ्या. साधं स्टील खाऱ्या पाण्यात एका हंगामात गंजून अडकतं.

सीलंटबद्दल, म्हणजे फटी बुजवायच्या लेपाबद्दल, एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण चुकीच्या दुरुस्त्या बहुतेक इथेच होतात. पॉलिथिलीनला जवळजवळ काहीही धड चिकटत नाही. सिलिकॉन, पॉलियुरेथेन, साधं इपॉक्सी, सगळं काही महिन्यांत कड सोडतं. सीलंट इथे गोंद म्हणून नाही, दाबलेला गॅस्केट म्हणून काम करतं. म्हणून ते फिटिंगच्या खाली घालायचं, स्क्रूच्या गळ्याभोवती गुंडाळायचं आणि मग आवळायचं. वरून बोटाने लिंपलेलं सीलंट म्हणजे फक्त समाधान. फिटिंग काढा, जुनं सीलंट खरवडा, अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, मरीन सीलंट किंवा ब्यूटिल टेप (मऊ, चिकट रबराची पट्टी) लावा, आणि आधी हलकं आवळून सीलंट धरल्यावर शेवटचा अर्धा फेरा द्या. एकदम पूर्ण आवळलंत तर सगळं सीलंट बाहेर निघून जातं.

तपासणी ४: केबलची भोकं

फिश फाइंडरची वायर आणि सुकाणूच्या केबली जिथून आत जातात तिथे रबरी ग्लँड, म्हणजे वायर आवळून धरणारं बूच, असते. वायर ओढून पाहा. ग्लँडमध्ये ती सरकली तर टोपी आवळा किंवा ग्लँड बदला. वायर वरून सरळ आत जात असेल तर पाणी तिच्याच अंगाने आत उतरतं. बाहेर तिला खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे थेंब वळशावरून गळून पडेल.

तपासणी ५: हवा आणि साबण

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर अंदाज बांधणं थांबवा आणि परीक्षा घ्या.

वर्कशॉपमधल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी त्याच्या हवा फेकणाऱ्या तोंडाला जोडा आणि दुसरं टोक ड्रेनच्या भोकाजवळ चिंधीने सैलसर धरा. सैलसरच, म्हणजे जास्तीची हवा बाजूने निसटत राहील. हॅच आधी चिकटपट्टीने बंद करा, नाहीतर सगळी हवा तिथूनच जाईल. हवेचा कॉम्प्रेसर कधीही लावू नका. कयाक फुगून सांध्यात कायमची फाटू शकते.

भांडी घासायचा द्रवसाबण एक भाग, पाणी दहा भाग, फवाऱ्याच्या बाटलीत. कयाक उलटी ठेवून एकेक फूट भाग भिजवा आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट टक लावून बघा. मोठी फट भसाभस बुडबुडे काढते, ती कुणालाही दिसते. केसाएवढा तडा मात्र पांढऱ्या फेसाची बारीकशी रेघ हळूहळू उगवल्यासारखी दाखवतो, आणि घाई केलीत तर ती नक्की निसटेल. स्कपरच्या आत, दोन्ही कडांना, पेडलच्या खाचेत, बुडाच्या मागच्या टोकाला आणि हँडलच्या मुळाशी जास्त वेळ द्या.

व्हॅक्यूम नसेल तर उलटी पद्धत. आत पंधरा-वीस लिटर पाणी आणि खाण्याचा रंग घाला, बाहेरून कयाक कोरडी पुसा, दोन मऊ आधारांवर ठेवा आणि पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलवून कुठे रंगीत थेंब येतो ते बघा. वीस लिटरच्या वर जाऊ नका. आधार दोनच जागी असतात आणि पाण्याच्या वजनाने प्लास्टिक तिथे दबतं.

तपासणी ६: स्कपर

स्कपर म्हणजे डेक आणि बूड जोडणारी प्लास्टिकची नळी. साच्यात प्लास्टिक फिरवून कयाक बनते तेव्हा या नळीच्या कडेला थर पातळ राहू शकतो. भार येतो तोही नेमका तिथेच. स्कपरमध्ये खुंट्या घालून कयाक ढकलायची गाडी हे तडा जाण्याचं नेहमीचं कारण आहे, विशेषतः सगळं सामान आणि बर्फाची पेटी कयाकवर ठेवूनच ती ढकलली तर. बूड ज्यावर टेकतं अशी पाळण्याची गाडी वापरा.

रात्री अंधारात तेजस्वी टॉर्च पोटात ठेवा आणि बाहेरून स्कपरमध्ये बघा. फिक्या रंगाच्या कयाकमध्ये तडा उजेडाच्या रेघेसारखा दिसतो, आणि पातळ झालेली जागा भोवतालपेक्षा उजळ दिसते, म्हणजे पुढचा तडा कुठे जाणार तेही कळतं. गडद कयाकमध्ये हे चालत नाही, तिथे साबणावरच भिस्त ठेवा.

तपासणी ७: बूड आणि मागचं टोक

सिमेंटच्या उतारावरून आणि कालवांवरून कयाक ओढली की बुडाचं मागचं टोक झिजतं. ओढताना पुढचं टोक हातात असतं, म्हणून सगळं वजन मागच्या मूठभर जागेवर येतं. अंगठ्याने दाबून पाहा. बाजूच्या भागापेक्षा ती जागा लवचिक लागली तर प्लास्टिक पातळ झालंय, मग भोक पडलेलं नसलं तरी. काही कयाकना तिथे बदलता येणारी पट्टी असते. ती घासून संपायच्या आधी बदला.

कालवांचे ओरखडे बहुतेक वेळा वरवरचे असतात. नखाला नुसते लागले तर सोडून द्या. ओरखड्यात नख अडकलं आणि कडा उभ्या राहिल्या असतील तर साबण लावून बघा. लोंबणारे केसाळ तुकडे धारदार ब्लेडने तासून टाका.

तड्याची घरची दुरुस्ती, आणि तिची हद्द

सपाट भागावरचा, दोन इंचांपेक्षा लहान तडा घरी वेल्ड करता येतो, पण आधी प्लास्टिकची जात ठरवा. बुडाच्या कडेवरून नखाएवढी साल काढा आणि गरम सोल्डरिंग आयर्न (पुढे नुसती ‘इस्त्री’) लावा. वितळून तकतकीत झाली तर साधं रेषीय पॉलिथिलीन, वेल्ड होईल. न वितळता रबरासारखी झाली आणि मग करपली तर ते क्रॉसलिंक्ड, त्याला वेल्ड धरत नाही. उत्पादकाच्या माहितीपत्रकातही हे लिहिलेलं असतं.

तड्याच्या दोन्ही टोकांना १/८ इंचाचं भोक पाडा. तडा पुढे सरकतो तो त्याच्या धारदार टोकामुळे, आणि गोल भोकाशी तो ताण पसरून जातो. मग तड्याच्या रेषेवर इंग्रजी व्ही आकाराची खाच करा, खोली भिंतीच्या निम्म्यापेक्षा थोडी जास्त. अल्कोहोलने पुसा. त्याच कंपनीची, त्याच प्लास्टिकची कांडी घ्या. हलचं प्लास्टिक आणि कांडी, दोन्ही एकाच वेळी तकतकीत व्हायला हवीत. कांडी वितळली आणि हल थंड राहिला तर वरून भरलेलं दिसतं, पण पहिल्याच दगडावर सालीसारखं निघतं. तपकिरी रंग किंवा धूर दिसला तर उष्णता जास्त झाली, तेवढा भाग कापून पुन्हा करा. दार-खिडक्या उघड्या ठेवा आणि आधी फेकायच्या तुकड्यावर हात बसवा.

इथे थांबा आणि जाणकाराकडे न्या

तडा स्कपरच्या नळीत असेल तर. आत इस्त्री वळत नाही, भिंत पातळ असते, आणि घरच्या वेल्डने भोक वाढण्याचीच शक्यता जास्त. पेडलच्या खाचेत किंवा खुर्चीच्या आधाराखाली तडा असेल तर, कारण प्रत्येक पेडलला तिथे झटका बसतो. तडा दोन इंचांपेक्षा लांब असेल, एका जागी वेल्ड केल्यावर शेजारी नवा निघाला असेल, प्लास्टिक क्रॉसलिंक्ड असेल, किंवा उन्हाने फिकट पडून चुऱ्यासारखं झालं असेल तर. शेवटच्या प्रकारात दुरुस्ती करणाराही बहुधा कयाक बदलायला सांगेल, आणि ते ऐकावं.

कयाक वॉरंटीत असेल तर ब्लेड आणि इस्त्री लावूच नका. घरची दुरुस्ती दिसली की दावा अडचणीत येतो. तड्याचे जवळून आणि लांबून फोटो घ्या, खरेदीची पावती काढा, आणि मागच्या टोकाला उजव्या बाजूला कोरलेला बारा अक्षर-अंकांचा हल क्रमांक टिपून घ्या. विक्रेता पहिला प्रश्न त्याचाच विचारेल.

पाण्यात असताना लक्षात आलं तर

सर्वांत जवळचा काठ गाठा, गाडीजवळचा नव्हे. वर बसायच्या बहुतेक कयाकच्या पोटात आडव्या भिंती नसतात, त्यामुळे पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतं. मोकळा उपसागर ओलांडायचा विचार सोडा. उभे असाल तर बसा, जड सामान मध्यभागी आणा. लाटेत पुढचं हॅच उघडून बघू नका. मधल्या छोट्या झाकणातून हातपंपाने पाणी काढा.

जॉर्जिया-साउथ कॅरोलायनाच्या खाड्यांत भरती-ओहोटीतला फरक साधारण पाच ते नऊ फुटांचा असतो. ओहोटीत काठाला लागलात तर तासाभरात पाणी दूर जातं आणि मध्ये गुडघाभर चिखल आणि कालवं उरतात. त्यातून चालत निघायचा प्रयत्न करू नका. तिथेच पाणी उपसा, भोक शोधा आणि भरतीची वाट बघा. टेक्सासच्या उपसागरांत फरक फूट-दोन फुटांचाच असतो, तिथे वारा पाणी हलवतो. उत्तरेचा वारा सुटला की उथळ जागा बघता बघता कोरड्या पडतात.

तात्पुरत्या बुजवणीला ब्यूटिल टेप ठेवा. जागा कोरडी पुसून दाबलात तर दिवस निभावतो. ओल्या प्लास्टिकवर डक्ट टेप धरत नाही. कयाक काठ गाठण्याआधीच बुडेल असं वाटलं तर व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर वाहिनीवर तटरक्षक दलाला हाक द्या किंवा ९११ लावा, आणि कयाक सोडून पोहायला लागू नका. ती पालथी झाली तरी माणसापेक्षा लांबून दिसते. लाइफ जॅकेट अंगात हवं, खुर्चीमागे खोचलेलं नको.

आणि एवढं करून ठेवाच: पोटात पुढे आणि मागे मिळून आठ-दहा पूल नूडल (पोहताना धरायच्या फोमच्या लांब नळ्या) कोंबून बांधा. एक नूडल साधारण तीन लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे सगळे मिळून पंचवीस-तीस किलोचा तोल धरतात. पोट पूर्ण भरलं तरी सामानाचं ओझं घेऊन कयाक तळाला जाणार नाही. मात्र ड्रेनच्या भोकासमोर नूडल येऊ देऊ नका.

दुरुस्तीनंतर

पहिल्या फेरीत मासे विसरा. शांत दिवशी, उताराजवळच, नेहमीचं सगळं सामान घेऊन अर्धा तास फिरा. मग बाहेर काढून पाणी बादलीत मोजा. कोरडी निघाली तर दुसऱ्या फेरीत मुद्दाम थोड्या लाटांत पुढचं टोक बुडू द्या आणि पुन्हा मोजा. दोन्ही वेळा पाणी अर्ध्या लिटरच्या आत राहिलं की खाडीच्या आत जायला हरकत नाही. पहिल्या फेरीतच एक लिटरच्या वर निघालं तर दुसरं भोक आहे, तपासणी ५ पासून पुन्हा सुरू करा.